आईचा डोळा लागताना

रात्री साडेनऊच्या सुमारास मी काशाची वाटी गरम पाण्यात क्षणभर बुडवून पुसून घेते, आईच्या डाव्या तळपायाला बोटभर तूप लावते आणि वाटीची पाठ टाचेपासून बोटांपर्यंत गोल गोल फिरवू लागते. आमचे घर पंचवटीत, रामकुंडापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. थंडीच्या दिवसांत गोदावरीवरचा गारठा जुन्या खिडक्यांच्या फटींतून आत येतो, आणि गोधडीवर घोंगडी घेऊनही आईचे पाय दिवेलागणीपासून गार पडलेले असतात. तिच्या उजव्या हातात तुळशीची माळ असते. ओठ हलतात, शब्द ऐकू येत नाहीत. पाच-सात मिनिटांत वाटीखालचे तूप करडे होते, मग काळपट होते. मी तो पाय पुसून दुसरा हातात घेते. आणि मग कधीतरी, नेमके कधी ते वर्षभर रोज पाहूनही मला सांगता येत नाही, आईचा डोळा लागतो.

बाबा गेल्यानंतर आईची झोप उडाली. तेव्हा ती शहात्तर वर्षांची होती. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती अंथरुणावर बसून राही आणि मी उठून विचारले की म्हणे, "तू नीज गं, मला नाही लागत झोप." एका डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. गोळीने झोप येत होती, पण सकाळी आईचे बोलणे जड येई, पावले अडखळत. पाचव्या आठवड्यात पहाटे न्हाणीघराकडे जाताना तिचा तोल गेला आणि मनगटाचे हाड मोडले. त्या जातीच्या गोळ्या मेंदूतील गाबा या शामक रसायनाचा प्रभाव वाढवतात, त्यांच्यामुळे वयस्क माणसे पडण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकाला फार वर्षांपासून माहीत आहे. आम्हाला ते आधी कोणी सांगितले नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी हळूहळू कमी करत बंद केली, कारण ती एकदम थांबवणेही बरे नसते. त्यानंतर एका रात्री आईनेच माळ्यावरच्या पितळी डब्यातून आजीची काशाची वाटी काढायला सांगितली.

मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. झोपेवरचा धडा मी अनेक वर्षे शिकवला, फळ्यावर लहरींच्या आकृत्या काढल्या, परीक्षेत त्यावर प्रश्नही घातले. पण माणसाला झोप लागताना जवळ बसून पाहिले नव्हते. मूल असते तर कदाचित पाहिले असते. ते मी आता आईजवळ बसून पाहते आहे, आणि धड्यातली एकेक ओळ मला तिच्या हातापायांवर, पापण्यांवर, श्वासात दिसू लागली आहे.

मराठीत 'झोपणे' आणि 'झोप लागणे' ही दोन निरनिराळी क्रियापदे आहेत, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. "मी दहाला झोपले, पण झोप लागली दोन वाजता" हे वाक्य आपल्याकडे कोणालाही खटकत नाही. झोपण्याचा कर्ता माणूस असतो. झोप मात्र भूक, तहान, ठसका यांच्यासारखी माणसाला लागते. वाक्यात तो 'मी'चा 'मला' होतो. डोळे आपण मिटतो, पण डोळा लागतो. शरीरशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत जे दाखवले, ते या व्याकरणाशी इतके जुळते की वर्गात मी हल्ली धड्याची सुरुवात याच दोन क्रियापदांनी करते.

दिवसभर जागे राहताना मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करतात आणि त्या खर्चाची खूण म्हणून ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. जितके जागरण अधिक, तितका त्याचा दाब अधिक. संध्याकाळी उशिरा घेतलेला चहा त्या साठ्याला हात लावत नाही, फक्त ॲडेनोसिनने जिथे जाऊन बसायचे त्या जागा कॅफिन अडवून ठेवते. दुसरीकडे डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका दिवस-रात्रीचे घड्याळ चालवत असतो. थकव्याचा दाब आणि हे घड्याळ, या दोहोंच्या मेळातून झोपेची वेळ ठरते, अशी मांडणी आलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली आणि ती आजही पायाभूत मानली जाते. आईचे घड्याळ शाबूत होते आणि थकवाही होता. अडत होते ते त्यापुढच्या पायरीवर.

ती पायरी उष्णतेची आहे. आपल्या शरीराच्या गाभ्याचे तापमान दिवसभर एकसारखे नसते. संध्याकाळी ते सर्वांत वर असते, पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली, आणि या दोन टोकांत साधारण एका अंश सेल्सिअसचा फरक पडतो. झोप सहसा तेव्हा येते जेव्हा हा आलेख उतरणीला लागलेला असतो. गाभा निवायचा तर आतली उष्णता कुठून तरी बाहेर पडली पाहिजे, आणि तिच्या मुख्य वाटा म्हणजे तळहात आणि तळपाय. तिथल्या त्वचेखाली धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या असतात. त्या उघडल्या की उबदार रक्त त्वचेपर्यंत येते, हातपाय गरम होतात आणि शरीर आतून निवत जाते. पाय गार पडलेले असतात तेव्हा या वाटा मिटलेल्या असतात. ऊब आत कोंडून राहते आणि माणूस कूस बदलत राहतो. १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील कुर्ट क्रॉयखी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजले. झोप किती लवकर लागेल याचा अंदाज त्यांना रात्री शरीरात वाढणाऱ्या मेलॅटोनिन या संप्रेरकाच्या पातळीवरून किंवा गाभ्याच्या तापमानावरून आला त्यापेक्षा अधिक चांगला आला तो हातपायांची त्वचा धडाजवळच्या त्वचेच्या तुलनेत किती उबदार आहे यावरून. ज्याचे पाय गरम, त्याला झोप लवकर लागली.

हे वाचले तेव्हा मला आजी आठवली. वाटीखाली तूप काळे झाले की ती ते बोटाने दाखवायची आणि म्हणायची, "बघ, अंगातली उष्णता निघाली." पुढे रसायनशास्त्र शिकल्यावर मी तिला सांगितले होते की कासे म्हणजे तांबे आणि कथील, तो काळा रंग घासल्या जाणाऱ्या धातूचा आणि तुपातल्या आम्लांचा आहे, पायांतून काही निघत नाही. ती काही बोलली नाही. रंगाबद्दल माझे म्हणणे बरोबर होते. उष्णतेबद्दल मात्र तिचे म्हणणे बरोबर होते, आणि ती पायांतूनच निघते हेही. तिला हे सांगायला मी उशीर केला, याची मला मनापासून खंत आहे.

पाय उबदार झाले की आई बोलणे थांबवते. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये तेव्हा जे घडते त्याचा पहिला माग एका साथीमुळे लागला. १९१७ मध्ये व्हिएन्नातील कॉन्स्टान्टिन फॉन इकॉनॉमो यांनी मेंदूज्वराच्या एका विलक्षण साथीचे वर्णन केले. बहुतेक रुग्ण दिवसचे दिवस झोपून राहत, तर काहींना झोप म्हणून लागत नसे. मृत्यूनंतर मेंदू तपासले तेव्हा झोपाळू रुग्णांच्या हायपोथॅलॅमसचा मागचा भाग बिघडलेला आढळला आणि निद्राहीन रुग्णांचा पुढचा. म्हणजे जागे ठेवणारी जागा जशी मेंदूत आहे, तशी झोपवणारीही आहे. झोप म्हणजे नुसते जागेपण विझणे नव्हे, ती मेंदूने करायची एक कृती आहे, हे त्या दुर्दैवी रुग्णांमुळे कळले.

आज आपल्याला ठाऊक आहे की पुढच्या भागातील झोपेच्या पेशी आणि जागे ठेवणाऱ्या पेशी एकमेकींना दाबून धरतात. एक बाजू जोरात असली की दुसरी गप्प असते. मधल्या स्थितीत फार वेळ राहता येत नाही. १९९८ मध्ये सापडलेले ओरेक्सिन हे द्रव्य जागेपणाची बाजू धरून ठेवते, आणि ते बनवणाऱ्या पेशी ज्यांच्यात नष्ट होतात त्यांना भर दिवसा, बोलता बोलता झोप येते. वय वाढते तशा झोपेच्या बाजूच्या पेशी कमी होत जातात आणि ज्यांच्यात त्या अधिक घटलेल्या असतात त्यांची झोप अधिक तुटक असते. आई रात्रीतून तीनदा उठते ते यामुळे. ही तिची कुरकुर नाही, हे मला स्वतःला बजावावे लागले.

हे पारडे आपल्या परवानगीची वाट पाहत नाही. नाशिकहून मुंबईला रात्रीची गाडी चालवत नेणाऱ्यांना कसारा घाटात येणारी पेंग याच पारड्याची असते. डोळे उघडे असूनही मेंदू तीन सेकंद झोपतो, आणि ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने त्या तीन सेकंदांत गाडी सुमारे सदुसष्ट मीटर पुढे गेलेली असते. निफाड-दिंडोरीकडे शेतीच्या पंपाला वीज रात्री मिळते म्हणून बांधावर जागणाऱ्या माणसांनाही ती ओळखीची आहे. काच खाली करणे, तोंडावर पाणी मारणे याने ती मागे हटत नाही. थांबून वीस मिनिटे डोळा लागू देणे एवढाच तिच्यावरचा खरा उपाय आहे.

आईच्या मिटलेल्या पापण्यांखाली आता बुबुळे हळूहळू या कडेकडून त्या कडेला सरकू लागतात. ही हालचाल इतकी संथ असते की तिच्यासाठी खास लक्ष ठेवावे लागते. जर्मनीतील येना येथे हान्स बेर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरींची नोंद १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या जाग्या माणसात त्यांना सेकंदाला सुमारे दहा आवर्तनांची एक लय दिसली होती, तिला आपण आल्फा म्हणतो. झोप येऊ लागली की ती लय तुटत जाते आणि तिच्या जागी चार ते सात आवर्तनांच्या थीटा लहरी येतात. ही पहिली, उथळ झोप काही मिनिटांचीच असते. तिच्यानंतर आलेखावर अर्धा सेकंद ते दोन सेकंद टिकणाऱ्या दाट लहरींचे झुबके उमटतात. मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते, सूत गुंडाळलेल्या चातीसारखे. शास्त्रज्ञांनी त्यांना नावही चातीचेच दिले आहे. तिथे पोहोचलेला माणूस खऱ्या अर्थाने झोपलेला असतो.

मेंदू मात्र सगळा एकदम झोपत नाही. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणारी बहुतेक वर्दी थॅलॅमस या मधल्या केंद्रातून वर मेंदूच्या सालीकडे जाते. उपचारासाठी मेंदूत विद्युत्अग्रे बसवलेल्या अपस्माराच्या रुग्णांवर फ्रान्समध्ये केलेल्या एका अभ्यासात २०१० मध्ये दिसले की थॅलॅमस सालीच्या काही मिनिटे आधी शांत होतो. खालून येणारी बातमी थांबलेली आणि वरची साल अजून जागी, अशी ती मधली मिनिटे असतात, आणि त्यांतच मिटल्या डोळ्यांपुढे चित्रे येतात. लहानपणी डिसेंबरात आम्ही मामांच्या द्राक्षबागेत मण्यांची विरळणी करायला जात असू. दिवसभर मान वर करून लहान कात्रीने घडातले दाटीचे मणी काढायचे. रात्री डोळे मिटले की हिरवे घड समोर लोंबकळत, एक संपला की दुसरा, आणि बोटे गोधडीत कात्रीसारखी हलत. २००० साली अमेरिकेत रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी लोकांना काही दिवस संगणकावर टेट्रिस खेळायला लावले, तेव्हा झोप लागताना त्यांना वरून पडणारे तुकडे दिसू लागले. त्यांच्यात स्मृती गमावलेले काही रुग्णही होते. आपण असा खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हते, पण तुकडे त्यांच्यातल्याही काहींना दिसले. आईला या वेळी काय दिसते ते मी कधी विचारलेले नाही. एकदा ती पुटपुटली, "ताट वाढलंय हो," आणि त्या 'हो'वरून ती कोणाशी बोलत होती ते मला कळले.

माळेकडे माझे लक्ष जरा उशिराच गेले. आई दर मण्याला अंगठा पुढे सरकवते. पाय उबदार होत जातात तसे दोन मण्यांमधले अंतर वाढू लागते, एखादा मणी अंगठ्याखाली बराच वेळ राहतो, मग अचानक दोन-तीन मणी भरभर जातात, जणू राहिलेली वाट तिला गाठायची आहे. शेवटी अंगठा एका मण्यावर थांबतो, बोटे उमलतात आणि माळ गोधडीवर ओघळते. हात सैल पडण्याची ही खूण प्रयोगशाळेतही वापरतात. पॅरिसमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आकड्यांचे कोडे न सुटलेल्या लोकांना हातात एक वस्तू देऊन अंधाऱ्या खोलीत टेकून बसवले. झोप लागली की वस्तू पडे आणि ते जागे होत. त्या कोड्यात एक सोपी वाट लपवलेली होती. पहिल्या उथळ झोपेत निदान पंधरा सेकंद घालवलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना ती वाट नंतर सापडली. जे जागेच राहिले त्यांच्यापैकी ३० टक्क्यांना, आणि जे त्याहून खोल झोपेत गेले त्यांच्यापैकी अवघ्या १४ टक्क्यांना. ज्या मिनिटांना आपण 'नुसती गुंगी' म्हणून सोडून देतो, त्यांत मेंदू इतके काम करतो याचे मला अपार नवल वाटते.

कधी कधी याच सुमारास आईचा पाय माझ्या हातात जोरात झटकला जातो. निरोगी माणसांतही हे सर्रास घडते, आणि थकवा किंवा कॅफिन अधिक झाले की अधिक घडते. ती अर्धवट जागी होऊन म्हणते, "घाटाची पायरी चुकली गं," आणि मी तिच्या पोटरीवर थोपटते.

मग श्वास बदलतो. जागेपणी श्वासाला मेंदूची एक वेगळी चालना असते, ती झोपेबरोबर ओसरते, आणि काही काळ श्वासाची लय ठरत नाही: चार मोठे, दोन बारीक, मग एक विराम, जो मला सुरुवातीला फार भिववायचा. हळूहळू तो संथ आणि एकसारखा होतो. नाडी मंदावते, रक्तदाब थोडा उतरतो, घशाचे स्नायू सैल पडून बारीक घोरणे सुरू होते. आता तिला हाक मारायची नसते, कारण कान बंद झालेला नसतो. १९६० मध्ये इयान ऑस्वल्ड आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या लोकांना नावांची लांबलचक यादी ऐकवली होती. इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला त्यांचा मेंदू अधिक ठळक प्रतिसाद देत होता, आणि ते झोपेतच मूठ मिटत होते. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनाकडून रात्रभर ध्वनिवर्धकांचा आवाज येत असे. आई त्यात शांत झोपलेली असायची आणि शेजारच्या खोलीत मी एकदा खोकले की विचारायची, "पाणी हवंय का?"

या साऱ्यात जी गोष्ट मला सर्वांत अधिक हलवते ती अशी की ज्याला झोप लागते त्याला तो क्षण कधीच मिळत नाही. अमेरिकेतील निद्रासंशोधक विल्यम डिमेंट यांनी एक प्रयोग केला होता. माणसाच्या पापण्या चिकटपट्टीने उघड्या ठेवून त्याच्या तोंडासमोर प्रखर दिवा मधून मधून लखकन लावायचा, आणि दर वेळी त्याने कळ दाबायची. तो दाबत राही, आणि एका लखलखाटाला अचानक दाबत नसे. का दाबली नाही असे विचारले तर तो सांगे की दिवा लागलाच नाही. दिवा लागला होता, डोळे उघडे होते, पण मधल्या त्या दोन-चार सेकंदांत तो झोपलेला होता आणि त्याचे त्याला भान नव्हते. झोप पुढे काही मिनिटे टिकली तर तिच्या आधीचीही थोडी मिनिटे स्मृतीतून पुसली जातात. उलट उथळ झोपेतून उठवलेली माणसे अनेकदा शपथेवर सांगतात की आम्ही जागेच होतो. आपल्या झोपेचा साक्षीदार होणे आपल्याला शक्य नाही. ते काम उशाशी किंवा पायाशी बसलेल्या माणसाचे असते. आईसाठी ते चौपन्न वर्षे बाबांनी केले. "तू काल लगेच झोपलीस," हे तिला रोज सकाळी कोणीतरी सांगत होते, आणि मग ते सांगणारे कोणी उरले नाही.

म्हणून मी पाय पुसून झाल्यावरही थोडा वेळ बसते. काल रात्री अंगठा थांबला तो मेरुमण्यापासून तिसऱ्या मण्यावर. मी माळ अलगद उचलली, खुंटीला टांगली, वाटीतला काळा थर कागदाने टिपला आणि दिवा मालवला.

सकाळी काळारामाच्या बाजूने घंटा ऐकू येत असताना आई उठून बसली आणि गोधडीवर हाताने चाचपू लागली.

"माळ तू काढून घेतलीस का गं?"

"हो, खुंटीला आहे."

"मला विचारायचंस की. मी तर जागीच होते."

"तू लगेच झोपलीस, आई," मी म्हटले, आणि चहा टाकायला उठले.